गाठ माझ्याशी आहे! मिठाईच्या जादूची पहिली चित्रकथा कशी काढायची

चौथीतल्या एका मुलानं मला त्याची चित्रकथा दाखवली. गावातल्या हलवायाचं दुकान बंद पडायला आलंय. हलवायाच्या पोराला जादूचा लाडू सापडतो. लाडू विचारतो, "काय पाहिजे?" पोरगं म्हणतं, "पैसे." पैशांचा पाऊस पडतो. समाप्त. सगळी मिळून तीन पानं. मग वही माझ्यापुढं धरून तो म्हणाला, "सर, आता पुढं काय काढू?"

पुढं काढायला काही उरलंच नव्हतं. पण मला हसू आलं नाही, कारण माझी स्वतःची पहिली चित्रकथाही अशाच एका पेढ्यानं खाल्ली होती. बारा पानं ठरवली होती. पाचव्या पानावर पेढ्यानं सगळं कर्ज फेडून टाकलं आणि उरलेली सात पानं मी मिरवणूक काढत बसलो. मिरवणुकीतले ढोल बरे जमले होते, एवढंच.

हा लेख पहिल्यांदाच मुलांसाठी चित्रकथा काढणाऱ्यांसाठी आहे. शिक्षक असा, कॉलेजातले असा, नाहीतर रात्री पोरांना गोष्ट सांगून सांगून थकलेले आई-बाप असा. सामान म्हणाल तर ए-फोर कागद, पेन्सिल, खोडरबर आणि काळं जेल पेन. पानं सोळा, त्याहून जास्त नकोत. माझ्या अटी मात्र दोन आहेत आणि पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. जादू मिठाईच्या अंगातून आली पाहिजे, वरून चिकटवलेली नको. आणि दुकान जादूनं वाचता कामा नये.

पायरी पहिली: भट्टीपाशी जाऊन उभे राहा

घरी बसून मिठाईचं दुकान काढलं की काचेचं कपाट, पिवळे गोल लाडू आणि मागं मिशीवाला जाडा माणूस, एवढंच निघतं. खरं दुकान मागच्या खोलीत असतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना जा. फोटो काढू का, हे मालकाला विचारा आणि कढईवरच्या कारागिराला वेगळं विचारा, कारण हात त्याचे आहेत. प्रत्येक वस्तूचं नाव त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. झारा, परात, साचा ही नावं तुम्हाला येतात, पण कढईचा तळ खरवडायच्या पट्टीला तिथं काय म्हणतात ते तिथंच कळतं.

बघायचं काय? तर पाक. साखर आणि पाणी उकळताना कारागीर मधूनच थेंबभर पाक अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरतो आणि बोटं हळूच लांबवतो. एक तार आली की एकतारी, मग दोनतारी. पुढं थेंब गार पाण्यात टाकला की त्याची मऊ गोळी होते, तो गोळीबंद. तेव्हा पाकाचं तापमान साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे उकळत्या पाण्याहूनही जास्त. वर तो कातडीला चिकटतो. म्हणून लहान मुलांना भट्टीपाशी नेऊ नका, आणि चित्रकथेतल्या पोरांनाही कढईत हात घालायला लावू नका. वाचणारं पोरगं करून बघतं. दोन बोटांमधली ती तार मात्र जवळून काढलेल्या चौकटीला इतकी छान दिसते की कथेत एकदा तरी आलीच पाहिजे.

धाराशिव जिल्ह्यात भूम, वाशी, कळंबच्या बाजूला राहत असाल तर खव्याची भट्टी बघा. कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. साधारण ५ लिटर म्हशीचं दूध आटलं की १ किलोच्या आसपास खवा उतरतो. तोवर एक माणूस हलवतच राहतो. थांबला की तळाला लागलं. त्या माणसाच्या खांद्याकडं बघा, एक खांदा थोडा वर चढलेला असतो. चित्रात तेवढं आलं तरी तो हलवाई वाटतो, मिशी काढायची गरज पडत नाही.

मी मात्र तुम्हाला गाठीच्या कारखान्यात न्यायला निघालोय. होळी ते पाडवा आमच्याकडं मराठवाड्यात लेकरांच्या गळ्यात असते आणि पाडव्याला गुढीला लागते, ती साखरेची गाठी. साखरेचा पाक उकळतो, त्यात थोडं दूध घातलं की मळी वर येते, ती काढून टाकतात. पाक पुरेसा आटला की घोटतात. काचेसारखा दिसणारा पाक घोटता घोटता पांढरा होतो, कारण साखरेचे बारीक कण परत जमायला लागतात. पाण्यात भिजवून ठेवलेल्या लाकडी साच्यात दोरा आडवा टाकतात आणि वरून पाक ओततात. थोड्या वेळात साचा उघडला की दोऱ्यात ओवलेली पदकं हातात. सगळा धंदा या काही आठवड्यांचा. पुढं वर्षभर साचे माळ्यावर पडून असतात.

वर्षभर अंधारात पडून राहणारा कोरीव साचा! याहून चांगली सुरुवात मला तरी सुचलेली नाही.

पायरी दुसरी: जादू पदार्थातून काढा

इथं घाई करू नका. दोन-तीन दिवस लागले तरी चालतील, कारण इथं चुकलं तर पुढची सगळी मेहनत त्या तीन पानांच्या लाडवासारखी होते.

कागदाच्या डाव्या बाजूला मिठाई लिहा, मध्ये ती कशी होते ते लिहा आणि मगच उजवीकडं जादू. बत्तासा आतून पोकळ असतो, पाकात सोड्याचे बुडबुडे झालेले असतात, म्हणून खाणारा वीतभर वर तरंगेल. फार नाही, वीतभरच. रेवडीचा पाक खुंटीला अडकवून ओढ ओढ ओढतात, तेव्हा त्यात हवा शिरून तो पांढरट होतो. म्हणून जादूची रेवडी खाणाऱ्याचं बोलणं लांबतच जाईल. खव्यात पाच लिटरचं एक किलो होतं, म्हणून जादूचा खवा खाल्ला की पाच वाक्यांचं एकच वाक्य निघेल. भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याला तो पेढा द्या आणि बघा. गुलाबजाम पाक पितो, तसा जादूचा गुलाबजाम आवाज पिऊन टाकेल. जिलेबीत शिरलेल्याला वाट सापडणार नाही. निजामाच्या काळापासून आपल्याकडच्या लग्नांत रुळलेला डबल का मीठा शिळ्या पावालाही राजेशाही करतो, म्हणून तो खाल्ला की टाकून दिलेली वस्तू पुन्हा कामाला लागेल. असं एकदा सुरू झालं की मुलंच पुढं दहा सांगतात. वर्गात हा खेळ घ्याच.

यातला एकच पदार्थ कथेला घ्या. सगळे घेतले तर जत्रा होते, गोष्ट होत नाही.

मी गाठी घेतो, कारण तिची जादू आपल्या भाषेनं आधीच करून ठेवलेली आहे. गाठ पडणे म्हणजे भेटणे. शब्दाची गाठ बांधणे, पदराला गाठ मारणे, मनातली गाठ सुटणे, गाठीला पैसा असणे, सुरगाठ, निरगाठ. आणि सगळ्यात वर, भांडणात छाती पुढं काढून म्हणायचं वाक्य: गाठ माझ्याशी आहे! आता समजा, माळ्यावरच्या जुन्या साच्यातून निघालेल्या गाठीला सात पदकं आहेत आणि प्रत्येक पदक म्हणजे एक वाक्प्रचार. पदक मोडून ज्याला द्याल, त्याच्यावर तो वाक्प्रचार शब्दशः लागू होतो. पाचवीतल्या पोराला वाक्प्रचार पाठ करायला लावण्याचा कंटाळा आलेल्या मास्तरांनी हे पुन्हा वाचावं.

जादूला किंमत हवी. माझ्या गाठीची किंमत अशी: एकदा वापरलं की ते पदक संपलं, आणि देणाऱ्यालाही तीच गाठ बसते. दुसऱ्याकडून शब्द घेतला की आपलाही शब्द बांधला जातो. शिवाय जादूला मुदत हवी. सुट्या मिठाईपुढं ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांना बंधनकारक आहे. तुमच्या जादूच्या मिठाईपुढंही तशी पाटी लावा. वाचणाऱ्या पोराला ती भारी वाटते, आणि घड्याळाची टिकटिक आयती मिळते. होळीपासून पाडवा साधारण पंधरा दिवसांवर असतो. कथेला तेवढेच दिवस द्या.

जादूचा नियम तीन वाक्यांत सांगता येत नसेल तर तो अजून कच्चा आहे. चौथं वाक्य लागलं की खोडा.

पायरी तिसरी: दुकानाचं दुखणं खरं ठेवा

मुलांच्या गोष्टीत दुकान नेहमी एका दुष्ट सेठमुळं बुडतं. त्याचा एक सोन्याचा दात असतो आणि तो हसतो. मला हा सेठ आवडत नाही. एक तर तो आळशी लेखकाचा मित्र आहे. आणि दुसरं, आपल्या तालुक्याच्या गावांत दुकानं कशानं बुडतात हे पोरांना घरात रोज ऐकू येतं. बायपास झाला, एसटी जुन्या स्टँडवर येईना. पाऊस झाला नाही, लग्नं पुढं गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत कढया घासायला पाणी कुठून आणायचं, हा कुठल्याही सेठपेक्षा मोठा प्रश्न होतो. आणि सगळ्या गावात मिळणारं कारण म्हणजे उधारी.

माझ्या कथेत उधारी आहे. आज्जीचं गाठी-बत्ताशांचं दुकान जुन्या स्टँडसमोर. बायपासमुळं गिऱ्हाईक तुटलंय. साचे गहाण ठेवून तीस हजार घेतलेत, पाडव्यापर्यंत फेडायचेत. आणि लाल वहीत अडतीस हजारांची उधारी पडून आहे. आकडे असेच सोपे ठेवा, म्हणजे तिसरीतलं पोर वजाबाकी करून म्हणेल, "मग फिटतं की! आठ हजार उरतात." म्हणू द्या. तिथंच ते गोष्टीत अडकलं.

मग चिमी आणि तिचा धाकटा भाऊ गुंड्या, वही आणि गाठी घेऊन सहा उधारदारांकडं निघतात. साहस म्हणजे डोंगर-गुहाच पाहिजेत असं नाही. ओळखीच्या मोठ्या माणसाकडं पैसे मागायला जाणं, याला किती हिंमत लागते ते आठवून बघा.

सहाही जण सारखे नसावेत. एक टाळाटाळ करणारा. एक खरंच देऊ न शकणारा, ज्याची विहीर आटलीय. दोन भाऊ असे, जे एकमेकांशी बोलत नाहीत आणि म्हणतात, "त्याच्याकडून घे." तिथं 'गाठ पडणे' वापरा. एकजण विसरलेला, आठवण देताच खजील होऊन पैसे काढणारा. त्याच्यावर अर्धंच पान घालवा. आणि शेवटची एक बाई, जिनं मागच्याच वर्षी पैसे दिलेले असतात. खोडायला आज्जी विसरलेली असते. हे माझं आवडतं पान आहे. आतापर्यंत चूक दुसऱ्यांची होती, इथं ती आपल्या घरात सापडते. चिमीनं या बाईवर आधीच पदक वापरलंय, म्हणजे आता माफी मागितल्याशिवाय तिची स्वतःची गाठ सुटणार नाही.

आता दुकान कसं वाचतं? सगळी उधारी येत नाही. यायला नकोच. जेवढी येते तेवढ्यात साचे सुटतात, पण गिऱ्हाइकाचं काय? ते कोडं गुंड्यानं सोडवावं. सहा घरं हिंडताना त्यानं बायपासच्या फाट्यावर कोणती एसटी किती वाजता थांबते ते हातावर पेनानं लिहून ठेवलेलं असतं. हातगाडी फाट्यावर जाते. बस. लहान पोराला खरोखर जमेल असंच काहीतरी हवं. दहा वर्षांच्या पोरानं बँकेतून कर्ज काढलं किंवा मोबाइलवर धंदा उभा केला, तर वाचणारं पोर आतून सुटून जातं. आणि सातवं पदक? ते वापरायचंच नाही. ते गुढीला लागतं.

पायरी चौथी: कागद दुमडा

चार ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. सोळा पानांची ए-फाइव्ह वही झाली. पानांना आकडे घाला. पहिलं मुखपृष्ठ, सोळावं मलपृष्ठ, गोष्टीला उरली चौदा. मधे पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चाराच्या पटीतच होतात, म्हणून चौदा किंवा अठरा पानांचा हट्ट धरू नका. छापणारा कोरी पानं लावून देईल आणि ती मुलांना फाटलेल्या गोष्टीसारखी वाटतात.

या कच्च्या वहीत प्रत्येक पानावर एकच ओळ लिहा: इथं काय होतं. चित्र नको. आता दोन गोष्टी तपासा. आपण डावीकडून उजवीकडं वाचतो, म्हणजे विषम आकड्याचं पान उजव्या हाताला येतं आणि त्यानंतर पान उलटावं लागतं. तेव्हा प्रश्न विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि आश्चर्य सम पानाच्या पहिल्या चौकटीत. तिसऱ्या पानाच्या शेवटी चिमी माळ्यावर हात घालते आणि बोटांना काहीतरी गरम लागतं. चौथ्यावर साचा. हेच जर समोरासमोरच्या पानांवर आलं तर डोळा आधीच तिकडं जातो.

दुसरं, आठ आणि नऊ ही मधली पानं एकाच कागदावर असतात. तिथं दोन्ही पानांवर मिळून एक मोठं चित्र काढता येतं, मधे जोड येत नाही. मी तिथं आठवडी बाजार काढला. न बोलणारे दोन भाऊ दोन टोकांना आणि मधे मिरच्यांचे ढीग, बांगड्यांची गाडी, शेळ्या, रसवंती, चष्मा विकणारा. पोरं त्या पानावर दहा दहा मिनिटं थांबतात. काढायला मला चार रात्री लागल्या, त्यातली एक पूर्ण शेळ्यांवर गेली.

पायरी पाचवी: पान लिहून काढा

चित्राआधी शब्द लिहा. एका पानावर चार ते सहा चौकटी, बोलण्याच्या एका फुग्यात पंधरा शब्दांच्या आत. हे माझं सहावं पान, जसं लिहिलं होतं तसं:

चौकट १. भर दुपार. लिंबाखाली बाजेवर दाजी आडवे. चिमी आणि गुंड्या समोर उभे. चिमीच्या काखेत लाल वही.
चिमी: दाजी, आज्जीनं पाठवलंय. उधारीचं.

चौकट २. दाजी एकच डोळा उघडतात.
दाजी: उद्या देतो म्हणावं की!

चौकट ३. जवळून. चिमीच्या तळहातावर साखरेचं पदक.
चिमी: बरं. तोंड तर गोड करा.

चौकट ४. फक्त दाजींचं मनगट. त्याभोवती साखरेचा बारीक दोरा. मोठा आवाज: कट्ट!

चौकट ५. दुसरा दिवस. दुकानाच्या दारात दाजी, घामाघूम. डोक्यावर दुकानाची पाटी: आज रोख, उद्या उधार.
दाजी: पोरी, उद्या देतो! ... आरं, मी काय बोलायलोय हे?

हे पदक 'शब्दाची गाठ बांधणे'चं. दाजींनी शब्द 'उद्या'चा दिला, तो पाळला जातोय. रोज सकाळी ते येतात आणि 'उद्या' म्हणतात. जादूनं काम बिघडवलं, म्हणून पुढचं पान उभं राहिलं. जादू जिथं जिथं मदत करते तिथं एक नवी अडचण लावून द्या, मग मिरवणूक काढायची वेळ येत नाही.

बोलीबद्दल थोडं. पात्रं पुस्तकी बोलायला लागली की मराठवाडा पळून जातो. पण सगळ्या मराठवाड्याची एक बोली नाही. लातूर-उदगीरकडं "काय करायलास?", नांदेडकडं "काय करूलालास?" आणि संभाजीनगर, परभणीच्या मोहल्ल्यांत दखनी उर्दूतलं "हौ" आणि "नक्को" मराठीतही ऐकू येतं. आपल्या गावाची बोली घ्या आणि ती फुग्यातच ठेवा. चौकटीच्या वरचं निवेदन साध्या मराठीत लिहा, म्हणजे पुण्याकडच्या पोरालाही अडणार नाही. आणि विनोद बोलीवर करू नका. दाजी हसू आणतात ते अडकल्यामुळं, गावाकडचं बोलल्यामुळं नव्हे.

पायरी सहावी: चित्र

"मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी हा भाग मुद्दाम छोटा ठेवतो. प्रत्येक पात्राला लांबून ओळखू येईल अशी एक खूण द्या. चिमीची एकच वेणी, गुंड्याचा गुडघ्यापर्यंतचा मोठ्या भावाचा शर्ट, आज्जीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मग ते पात्र पुढून, बाजूनं, पाठमोरं, पळताना, असं बारा वेळा काढा. बाराव्या वेळी हात सरावतो.

जागा मात्र खऱ्या काढा. माळवदाचं घर, शहाबादी फरशी, स्टँडवरचा कुलूप लागलेला रसाचा गाळा, रानात फुललेला पळस, लिंबाची नवी कोवळी पानं. होळी-पाडव्याच्या दिवसांत आपल्याकडं हेच दिसतं. बर्फाळ डोंगर आणि पाइनची झाडं काढायची सवय आपल्याला कॅलेंडरांनी लावली, ती सोडायला वेळ लागतो.

रंग शक्यतो भरूच नका. काळ्या रेषेत छापलं तर स्वस्तात होतं आणि रंगवायचं काम वाचणारं पोर आनंदानं करतं. एक केशरी स्केचपेन सोबत दिला आणि सांगितलं, "जिथं जादू आहे तिथंच लाव", तर ते गोष्ट दुसऱ्यांदा वाचतं. आवाजांचे शब्द मोठ्या हातानं लिहा. आपल्या भाषेत पाक खदखदतो, थेंब तव्यावर चर्र करतो, साचा खट्टकन उघडतो. यासाठी परक्या चित्रकथांतले धडामधूम उसने आणायची गरज नाही.

पायरी सातवी: अक्षरं

नवखे लोक आधी फुगा काढतात आणि मग त्यात अक्षरं कोंबतात. उलट करा. आधी शब्द लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींत जास्त जागा सोडा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर बसतो आणि 'गुंड्या' वाचताच येत नाही.

अक्षर चांगलं असेल तर हातानंच लिहा, तेच सगळ्यात सुंदर दिसतं. संगणकावर करणार असाल तर युनिकोडमधले मोफत फॉन्ट भरपूर आहेत. फुग्यांसाठी कलम किंवा बालू बघा. शीर्षकासाठी तर एक टाइप या मुंबईच्या गटानं केलेला मोदक नावाचाच गुबगुबीत फॉन्ट आहे. मिठाईच्या कथेला याहून काय पाहिजे? चित्रासाठी क्रिता आणि अक्षरांसाठी इंकस्केप हे प्रोग्रॅम फुकट मिळतात.

एक फटका मी खाल्लेला आहे, तो तुम्ही वाचवा. माझी पहिली छापील प्रत हातात आली तेव्हा मुखपृष्ठावर 'मिठाई'ऐवजी 'मठिाई' होतं. आत जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त लोंबत होते. छापखान्यात जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरत होते आणि मी फाइल तशीच उघडी दिली होती. तेव्हापासून अक्षरांचं रेषांत रूपांतर करून मगच पीडीएफ देतो, आणि छपाईआधी एक कागदी नमुना मागून त्यातला प्रत्येक ऱ्हस्व इकार बोटानं तपासतो.

पायरी आठवी: आधी पोरं, मग छपाई

कच्ची प्रत झाली की तीन-चार मुलांना द्या आणि गप्प बसा. समजावून सांगू नका. मूल कुठं मागचं पान उलटून बघतं, तिथं खूण करा, तिथं काहीतरी निसटलंय. सातव्या पानावर थांबवून विचारा, "आता काय होईल?" सगळ्यांनी एकच उत्तर दिलं आणि ते बरोबर असलं तर पुढचं पान बदला. माझ्या कथेत आधी आज्जी कुलूप लावून रडत होती. एक मुलगी म्हणाली, "आमची आज्जी असती तर आधी भांडली असती." मी ते पान फाडलं. आता आज्जी साचे गहाण ठेवून घेणाऱ्या सावकारापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि म्हणते, "गाठ माझ्याशी आहे!" मुखपृष्ठावर तेच आलं. मुलांची नजर तयार करायची असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक वाचायला द्या. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

पहिल्या प्रती झेरॉक्सच्या दुकानात काढा. ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी, आखूड कडेवर उलटणारी छपाई आणि संगणकात 'बुकलेट' हा पर्याय. मधोमध पोचणारा लांब स्टेपलर नसेल तर सुई-दोरा घ्या. पुढं छापखान्यात गेलात तर चित्रं ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर ठेवा. चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं काढा आणि फुगे कडेपासून आत घ्या, कटिंगमध्ये आज्जीचं वाक्य कापलं जायला नको. विक्रीसाठी काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडं अर्ज करावा लागतो. हक्काचं म्हणाल तर कथा आणि चित्रं तुम्ही काढलीत त्या क्षणापासून तुमची आहेत, तुमच्या पश्चात ६० वर्षं. नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र कथा एकानं आणि चित्रं दुसऱ्यानं केली असतील तर पैसे यायच्या आधी कागदावर वाटणी लिहा. मैत्रीत निरगाठ तिथंच बसते.

पहिल्या पंचवीस प्रती कुठं ठेवायच्या? ज्या दुकानात तुम्ही झारा आणि साचा बघत उभे होतात, तिथं. एक प्रत कारागिराला हातात द्या आणि त्याचा खांदा असलेलं पान उघडून दाखवा. बाकीच्या गल्ल्याशेजारी, पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, गाठींच्या टोपल्याजवळ. फार जवळ मात्र नको. माझ्या पहिल्या गठ्ठ्याला रात्रीत मुंग्या लागल्या होत्या आणि आठव्या-नवव्या पानावरच्या बाजारात त्या इतक्या बेमालूम मिसळल्या की दुसऱ्या दिवशी एका पोरानं विचारलं, "काका, ह्या तुम्ही काढल्यात का?"